मोठ्या आकड्याचे कार्ड

ट्रम्प कार्ड खेळून मोठ्या झालेल्या मुलांना वाटते, मोठ्या आकड्याचे क्रीचर कार्ड (पटावर उतरून लढणारा जीव) हाती आले की डाव जिंकलाच. 1993 साली आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळातले ‘लॉर्ड ऑफ द पिट’ बघा. ताकद 7, सहनशक्ती 7, शिवाय उडणारे. पण ते उतरवायला 7 ‘माना’ (पत्ता खेळण्याची शक्ती) लागतात. वर आपल्या प्रत्येक पाळीला आपलाच दुसरा एक जीव त्याला बळी द्यावा लागतो. तो नसला, तर सुरुवातीच्या 20 जीवनगुणांपैकी 7 आपलेच जातात. पांढुर्णा-सौसरचा संत्रा बागाईतदार मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरताना असाच हिशेब करतो: बागेचे पाणी तोडून ताण दिला तर भाव चांगला मिळू शकतो, पण पाऊस लांबला की बहार हुकतो. बळी द्यायला लहान जीव भरपूर असतील, तरच हे कार्ड घ्यावे.