केदारेश्वराचं कमरेएवढं पाणी

आमच्या कर्जत तालुक्यात पाण्याच्या गप्पा निघाल्या की त्या टँकर, बोअर आणि कुकडीच्या आवर्तनाशी येऊन थांबतात. पोहणं म्हणजे टीव्हीत बघायची गोष्ट. मुलींना शिकवतच नाहीत असं नाही. पण विहिरीला पाणी असेल त्या वर्षी, आणि तेही न्हाणं येईपर्यंतच. पुढे भाऊ विहिरीत उड्या मारतात आणि बहिणी काठावर त्यांचे कपडे राखतात.

याच नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, दुसऱ्या टोकाला अकोले तालुका. तिथे पाऊस मोजायची पट्टी आमच्यापेक्षा पार वेगळी. तिथल्या चौदाशे मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर एक गुहा बारमाही पाण्याने भरलेली असते. भिशीच्या आम्ही नऊ जणींनी यंदा माघात तिथे जायचं ठरवलं. बरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे. घरातून “त्या कशाला?” असा सूर निघालाच. त्या म्हणाल्या, “मी यायचीच.”

रात्री जीप काढली. नगर, संगमनेर, अकोले, राजूर करत पहाटे पाचनईला पोचलो. तिथून गडाची चढण सगळ्यांत सोपी म्हणतात. आम्हाला साडेतीन तास लागले. (बाकीच्यांना दोन-अडीच लागतात, हेही सांगून टाकते.) हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ बघितलं, त्याच्याजवळची पुष्करणी बघितली. ओढ्याच्या अंगाने थोडं खाली उतरलं की उजव्या हाताला केदारेश्वराची गुहा.

आत गेल्यावर कोणी बोलेना. मधोमध पुरुषभर उंचीचं शिवलिंग, भोवती काळंशार पाणी. चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपलं, असं सांगतात. मला त्या खांबापेक्षा पाण्याचं नवल वाटलं. आपला सह्याद्री काळ्या दगडाच्या थरांचा. गडावर पडलेला पाऊस भेगांतून हळूहळू मुरतो आणि थराच्या सांध्याशी पाझरून बाहेर येतो. म्हणून उन्हाळ्यातही तिथे पाणी, आणि तेही बर्फासारखं गार.

प्रदक्षिणा घालायची तर पाण्यातूनच. आमची गाडी तिथेच अडली. काठावर पंधरा-वीस तरुण पोरं, मोबाइल काढून उभी. ओली साडी अंगाला चिकटणार, आणि कपडे बदलायला आडोसा कुठेच नाही. देवस्थान असो की धबधबा, बाईमाणूस पाण्यात उतरेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं, याचा मला मनापासून राग येतो. आमच्यातल्या दोघी “पाय धुऊ आणि जाऊ” म्हणायला लागल्या.

तेवढ्यात जाऊबाईंनी पदर खोचला आणि पोरांना म्हणाल्या, “बाळांनो, जरा भाईर थांबा. आया-बहिणी उतरत्यात.” पोरं निमूट बाहेर गेली. खरंच गेली. आम्ही मात्र तोवर नुसत्या कुजबुजत होतो.

पाणी कमरेला लागलं तेव्हा श्वासच अडकला. तळाला दगड आहेत, म्हणून एकमेकींचे हात धरून निघालो. अर्ध्या वाटेवर जाऊबाईंनी माझा हात सोडला. मी घाबरले, “अहो बाई, धरा ना!” त्या खाली बसल्या, गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या, आणि पाय उचलून क्षणभर तरंगल्या. “आमच्या हिरीला परस परस पाणी असायचं,” त्या म्हणाल्या. “लगीन झालं आन् सुटलं.” त्रेचाळीस वर्षं एका घरात राहतोय आपण, आणि त्यांना पोहता येतं हे आमच्या दिरांनाही माहीत नव्हतं!

बाहेर आल्यावर चौघींनी चादर धरली, बाकीच्यांनी कपडे बदलले, मग पाळी बदलली. पाचनईच्या एका बाईने चुलीवरचं पिठलं-भाकरी वाढलं. तिच्याशी बोलताना कळलं, की गडाच्या या अंगाचं पाणी मंगळगंगेतून मुळेला जातं. पलीकडच्या, खिरेश्वरच्या अंगाचं पुष्पावतीवरच्या पिंपळगाव जोगे धरणात साठतं. पुढचं आम्हाला ठाऊक होतं. तिथून पाणी येडगावला सोडतात आणि येडगावहून कुकडीचा डावा कालवा पार आमच्या कर्जतपर्यंत येतो. ज्या आवर्तनासाठी आम्ही डोळे लावून बसतो, त्यातलं थोडं याच डोंगराचं. भाकरी हातात धरून सगळ्याच जणी त्या कड्याकडे बघत बसलो.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा टाळा, ओढा आडवा येतो. पाचनईचीच वाट धरा. साबण-शॅम्पू खालीच ठेवून जा, पाणी सगळ्यांचं आहे. आणि एक जाड, मोठी चादर आठवणीने घ्या. आमची पातळ होती.