वाचता आले, पण कळले का?

आमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट. काका गेल्यावर त्यांच्या ठेवीचे पैसे मिळावेत म्हणून काकूंनी एका संस्थेकडे अर्ज दिला. महिन्याभराने पत्र आले. सूनबाई कन्नड माध्यमात शिकलेली, मराठी लग्नानंतर बोलायला शिकली. देवनागरी येते ती हिंदीमुळे. तिने पत्र न अडखळता वाचून दाखवले: "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, विहित मुदतीत आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता न केल्यास आपला अर्ज निकाली काढण्यात येईल."

'निकाली काढणार म्हणजे काम होणार', अशी समजूत करून काकू निश्चिंत झाल्या. मुदत उलटली आणि अर्ज बंद झाला. "सर, वाचायला येतंय, खरं अर्थच लागला नाही," सूनबाई रडवेली होऊन म्हणाली.

यात तिचा काय दोष? त्या एका वाक्यात २० शब्द आहेत. हेच असे लिहिता आले असते: 'ठरलेल्या तारखेपर्यंत कागदपत्रे द्या. नाही दिलीत तर अर्ज रद्द होईल.' दोन वाक्ये, १० शब्द. शिवाय तारीख, अर्ज, रद्द हे शब्द कन्नडमध्येही तारीखु, अर्जी, रद्दु असे घरचेच आहेत.

मजकूर किती सोपा, हे मोजण्याचा प्रयत्न जुना आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली इंग्रजीसाठी एक सूत्र मांडले. वाक्यात सरासरी शब्द किती आणि प्रत्येक शब्द तोंडून किती तुकड्यांत उच्चारला जातो, एवढेच त्यात मोजायचे. गुण साधारण ० ते १००. जितके जास्त तितके लेखन सोपे. ६० ते ७० म्हणजे साधे, सरळ इंग्रजी. १९७५ साली किनकेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन नौदलासाठी या सूत्रावरून इयत्ता सांगणारे माप तयार केले.

पण ही फूटपट्टी आपल्या भाषांना जशीच्या तशी लावता येत नाही. इंग्रजीत तीन शब्द लागतात तिथे आपण 'घरात' म्हणतो, कन्नडमध्ये 'मनेयल्लि'. दोन्हीकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. म्हणून 'तारखेपर्यंत' हा लांब शब्द सोपा, तर तीन अक्षरी 'विहित' अवघड. लांबी आणि अवघडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणत्याही भाषेत चालेल अशी एक परीक्षा विल्सन टेलर यांनी १९५३ साली सुचवली. मजकुरातला दर पाचवा शब्द झाकायचा आणि वाचणाऱ्याला तो ओळखायला सांगायचे. जितके शब्द बरोबर येतील, तितका मजकूर त्याला समजला. घरी करून पाहण्यासारखा हा खेळ आहे. वाचणारा मात्र असा निवडा, ज्याच्यासाठी ते लिहिले आहे.

दुसऱ्यांची वाक्ये मोजता मोजता मी महाविद्यालयात लावलेली माझीच एक सूचना मोजली. एका वाक्यात ३१ शब्द! वर्गातल्या कन्नड माध्यमाच्या मुलांनी ती कशी वाचली असेल, हे मी कधी विचारलेच नव्हते.

काकूंनी पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी खाली एक ओळ सूनबाईने स्वतः लिहिली: 'उत्तर सोप्या मराठीत द्यावे.' चारच शब्द, पण सगळ्यांना कळतील असे.