राउटरच्या आतलं लिनक्स

लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स चालतंय, हे पुढच्या वर्षी हौशी मंडळींनी हुडकून काढलं. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार सोर्स कोड खुला करणं भाग होतं. कंपनीने तो केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं लिनक्स फर्मवेअर उभं राहिलं.

त्याची रचना मोठी चलाख. मूळ प्रणाली स्क्वॉशएफएस या दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या भागात असते. आपण केलेले बदल वरच्या वेगळ्या थरात साठतात. सेटिंग बिघडली? वरचा थर पुसायचा, राउटर पुन्हा कोरा करकरीत. (ज्यांनी रात्री दोनला फायरवॉलशी झटापट केली आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.)

फर्मवेअर स्वतः घडवायचं तर लिनक्सवर सोर्स उतरवून 'मेक मेन्यूकॉन्फिग' चालवायचं आणि चिपसेट, राउटरचं मॉडेल, हवी ती पॅकेजेस निवडायची. वायरगार्ड व्हीपीएन हवं, यूएसबी नको, असं सगळं. पहिल्या बिल्डला काही तास लागू शकतात. तेवढा धीर नसेल तर 'इमेज बिल्डर' तयार पॅकेजेस जोडून काही मिनिटांत राउटरवर चढवायची इमेज देतो. नवख्यांनी तिथूनच सुरुवात केलेली बरी.

अडचण जागेची. ४ एमबी फ्लॅशच्या जुन्या राउटरांत नव्या आवृत्त्या मावत नाहीत. आधी प्रकल्पाच्या यादीत आपलं मॉडेल, हार्डवेअर आवृत्तीसकट, तपासावं. एकाच नावाच्या दोन डब्यांत वेगळ्या चिप सर्रास निघतात.