अस्फुट उच्चार आणि स्फुट आशय : ‘स्कम’ ह्या ध्वनिमुद्रिकेचा भाषावैज्ञानिक विचार

भाषा म्हणजे अर्थवाही ध्वनींची व्यवस्था, अशी व्याख्या आपण अभ्यासाच्या आरंभीच शिकतो. ह्या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, ऐकणाऱ्यास ते ध्वनी परस्परांपासून वेगळे ओळखता येतात. आता असे समजा की, एखाद्याने शब्द योजले, ते उच्चारले, परंतु ऐकणाऱ्याच्या कानी केवळ एक गर्जना पडली. ह्या उक्तीस भाषा म्हणावयाचे की नाही? हा प्रश्न वरवर काल्पनिक वाटेल. तथापि इंग्लंडमधील ‘नेपाम डेथ’ ह्या वाद्यवृंदाच्या ‘स्कम’ ह्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेने तो प्रत्यक्षात उभा केला आहे.

हा वृंद १९८१ साली बर्मिंगहॅमजवळील मेरिडेन ह्या खेड्यात स्थापन झाला. नॉटिंगहॅमच्या इअरेक ह्या संस्थेने ‘स्कम’ जुलै १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत अठ्ठावीस गीते असून एकूण अवधी सुमारे तेहतीस मिनिटांचा आहे. तिच्या दोन बाजू दोन निराळ्या काळी, ऑगस्ट १९८६ व मे १९८७ मध्ये, बर्मिंगहॅम येथे मुद्रित झाल्या. ह्या मधल्या काळात वृंदातील माणसे इतकी बदलली की, तालवादक मिक हॅरिस हा एकटाच दोन्ही बाजूंवर आढळतो. पहिल्या बाजूवर निक बुलन गातो, तर दुसऱ्या बाजूवर ली डोरियन. पंक संगीतातील राजकीय निषेध आणि मेटल संगीतातील जड, कर्कश गिटारवादन ह्यांचा संयोग अत्यंत द्रुत लयीत करणाऱ्या ह्या प्रकारास पुढे ‘ग्राइंडकोर’ असे नाव रूढ झाले.

शीर्षकाचा विचार प्रथम करू. ‘स्कम’ हा शब्द इंग्रजीत फेस ह्या अर्थाच्या जुन्या डच-जर्मन शब्दावरून आला. उसाचा रस उकळताना वर येणारी मळी, हा त्याच्या मूळ अर्थाच्या अगदी जवळचा आपल्याकडील शब्द होय. पुढे समाजातील हीन मानलेल्या माणसांस उद्देशून तो शिवीसारखा वापरला जाऊ लागला. मुखपृष्ठावरील चित्रात उपासमारीने खंगलेली माणसे व त्यांच्यावर उभे असलेले सुटाबुटातील पुरुष दिसतात. तेव्हा मळी नेमकी कोणास म्हणावयाचे, हा प्रश्न मुद्रिका ऐकण्यापूर्वीच उपस्थित होतो.

आता उच्चाराकडे वळू. सामान्य बोलण्यात घोष ध्वनींसाठी स्वरतंतू नियमित कंप पावतात. गुरगुरणाऱ्या ह्या गायनात स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल घड्या, ज्यांस मिथ्या स्वरतंतू म्हणतात, आवळल्या जातात व त्याही कंप पावू शकतात. त्यामुळे नियमित नाद मोडून त्यात खरखर मिसळते. परिणामी ‘ग’ व ‘क’, ‘द’ व ‘त’ ह्यांमधील घोष-अघोष भेद पुसट होतो. सुरांचा चढउतार जवळजवळ नाहीसा झाल्याने विधान कोणते व प्रश्न कोणता हेही कळेनासे होते. त्यातच गिटारचा विकृत केलेला नाद आणि ढोलांचा अखंड मारा व्यंजनांच्या क्षणिक खुणा झाकून टाकतात.

ह्या दुर्बोधतेचे कारण केवळ वेग आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो तपासून पाहावा. पहिल्या बाजूवरील ‘यू सफर’ हे शेवटचे गीत १.३१६ सेकंदांचे आहे. सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गीत म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथाने त्याची नोंद घेतली. त्याच्या छापील संहितेत चार शब्द व पाच अक्षरे आहेत. संपूर्ण अवधी धरल्यास हे प्रमाण सेकंदास चार अक्षरांहून किंचित कमी पडते. उच्चार एका सेकंदात उरकला असे मानले, तरी ते पाचाच्या वर जात नाही. आणि इंग्रजीतील सामान्य संभाषणाची गतीही साधारणतः एवढीच असते. म्हणजे येथे अडथळा आहे तो वेगाचा नसून नादाच्या घडणीचा व भोवतालच्या गोंगाटाचा आहे.

व्याकरणदृष्ट्या हे गीत मुळीच अपूर्ण नाही. त्यात द्वितीयपुरुषी कर्त्याचे एक विधान आहे आणि विरोधदर्शक अव्ययाने त्यास जोडलेला एक प्रश्न आहे. इतर गीतांची शीर्षके पाहिली तर बहुराष्ट्रीय कंपन्या, भिंतींवाचूनचा तुरुंग, नियंत्रण, नैतिक मोहीम असे विषय आढळतात; ‘लाइफ?’ व ‘सक्सेस?’ ह्या दोन शीर्षकांत तर प्रश्नचिन्हच अर्थ वाहते. विधान कागदावर आणि त्या विधानाविषयीची वृत्ती आवाजात, अशी ही वाटणी आहे. बोलण्यात एरवी एकत्र असणारे दोन घटक येथे अलग झाले आहेत.

ज्यांस इतके निकडीचे काही सांगावयाचे आहे, त्यांनी ते न कळेल असे का सांगावे, हा आक्षेप रास्त आहे. माझ्या मते त्याचे उत्तर असे : जाहिरातदार, मंत्री, कंपनीचे प्रवक्ते ह्या सर्वांचा आवाज सुस्पष्ट व सुसंस्कृत असतो. ज्यांच्यावर आरोप करावयाचा, त्यांच्याच वाणीचे गुण ह्या गायकांनी नाकारले. नेपाम हे युद्धात माणसे जाळणारे द्रव्य. वृंदाच्या नावातच ते घेणाऱ्यांनी मधुर स्वरात गावे, ही अपेक्षा विसंगत ठरेल.

ह्यापुढील गोष्ट प्रत्येकास स्वतः पडताळून पाहता येईल. गीत एकदा तसेच ऐकावे. मग त्याची संहिता वाचावी आणि पुन्हा ऐकावे. पहिल्या वेळी जेथे केवळ गुरगुर होती, तेथे दुसऱ्या वेळी काही शब्द तरी उमटू लागतात. ध्वनी तोच असतो. बदलते ते ऐकणाऱ्याचे पूर्वज्ञान. विकृत केलेल्या भाषणावरील ध्वनिवैज्ञानिक प्रयोगांतूनही हेच दिसून आले आहे. म्हणून सुबोधता हा केवळ ध्वनीचा गुण नव्हे. तो ध्वनी व श्रोता ह्यांमधील संबंध आहे.

हा निष्कर्ष एका मुद्रिकेपुरता राहत नाही. अपरिचित बोली प्रथमच ऐकणारा संशोधक ‘हे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात’ असा शेरा आपल्या वहीत लिहितो, तेव्हा तो आपल्या अपरिचयाचा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारीत असतो. ‘स्कम’ला निव्वळ गोंगाट म्हणणारा श्रोताही तेच करतो. ती आवडावी असा आग्रह नाही. परंतु गोंगाट कोठे संपतो व उक्ती कोठे सुरू होते, हे ठरविण्यापूर्वी आपण पुरेसे ऐकले आहे काय, एवढे प्रत्येक अभ्यासकाने स्वतःस विचारावे.