पाणी ही जळून झालेली वस्तू आहे

केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून हायड्रोजनची कुठलीही बातमी आली, की तिच्यामागोमाग 'पाण्यावर चालणाऱ्या गाडी'चे व्हिडिओ फिरू लागतात. सरकार पाण्यातूनच हायड्रोजन काढणार, मग गाडीने तो काढला तर काय बिघडले?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर विजेच्या मीटरवर आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला आजच्या संयंत्रांना पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. तोच हायड्रोजन जाळला तर फार तर ३९ युनिटांइतकी ऊर्जा परत मिळते, आणि तिचाही मोठा भाग इंजिनात उष्णता होऊन निघून जातो. पाणी म्हणजे हायड्रोजनची राखच. सरकारी मोहिमेत वीज ऊन-वाऱ्याची आहे. गाडीला बसवलेल्या किटमध्ये ती बॅटरीतून येते, बॅटरी इंजिन चालल्यावर चार्ज होते आणि इंजिन चालते पेट्रोलवर.

हे शाळेतले विज्ञान आहे. तरीही २०१२ च्या जुलैत अख्खा पाकिस्तान पाण्यावरच्या गाडीच्या दाव्यात वाहून गेला. आगा वकार अहमद नावाच्या इंजिनिअरने 'वॉटर किट' आणले. लोडशेडिंगने आणि सीएनजीच्या रांगांनी लोक जेरीला आलेले. टीव्हीवरचे नामांकित अँकर त्याच्या गाडीत बसले, विषय मंत्रिमंडळापर्यंत गेला. अणुबॉम्बवाले अब्दुल कादीर खान यांनी तर यात फसवणूक नाही, असा निर्वाळा दिला. विरोधात ठाम उभे राहिले ते परवेझ हुडभॉय आणि अत्ता-उर-रहमान यांच्यासारखे थोडे वैज्ञानिक. हुडभॉय भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ऊर्जा फुकट मिळत नाही हा ऊष्मागतिकीचा नियम कुणासाठी वाकत नाही, हे त्यांनी साऱ्या देशाचा रोष ओढवून घेत सांगितले. मला या प्रकरणात राग येतो तो किटवाल्यापेक्षा त्याच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या शिकलेल्या माणसांचा. त्यांचे नाव नसते, तर ही गोष्ट एका गावापुरती राहिली असती.

पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा करणारा अमेरिकेतल्या ओहायोचा स्टॅनली मायर आजही अशा व्हिडिओंचा नायक आहे. तेल कंपन्यांनी त्याला संपवले, असे ठासून सांगितले जाते. १९९६ मध्ये दोन गुंतवणूकदारांनी त्याला कोर्टात खेचले. तज्ज्ञांनी त्याचा पाण्यातून हायड्रोजन काढणारा 'सेल' तपासला, तेव्हा त्यात नेहमीच्याच विद्युत अपघटनापलीकडे, म्हणजे विजेने पाणी फोडण्यापलीकडे, काही निघाले नाही. कोर्टाने घोर फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करायला लावले. १९९८ मध्ये तो वारला. शवचिकित्सेत कारण निघाले मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचे.

आपल्याकडे तमिळनाडूच्या रामर पिल्लैने त्याच १९९६ मध्ये पाण्यात पाला उकळून पेट्रोल करून दाखवले होते. खरे पेट्रोल लपवलेले होते ढवळायच्या पोकळ काडीत. पुढे त्याने हे 'इंधन' विकलेही. शिक्षा व्हायला २०१६ उजाडले. वीस वर्षे!

अशा यंत्राचे प्रात्यक्षिक पाहून काहीच कळत नाही, मोजमापाने कळते. कुणी किट विकायला किंवा पैसे गुंतवा म्हणून आला, तर पेट्रोलची टाकी आणि बॅटरी दोन्ही काढून ठेवायला सांगा, गाडी तुमच्या आवारात कुलपात ठेवा आणि दिवसभर चालवून दाखवायला सांगा. तो तयार झाला नाही, तर एक रुपयाही देऊ नका.