विश्वास आधी की प्रीती?

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत होत्या. वय पंचवीस. नवरा आदल्याच वर्षी गेलेला, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकी शिकायची म्हणून त्या आल्या होत्या, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत पुढे सोडावा लागला. या भगिनींचं काम लंडनमधल्या फुलम इथेही चालायचं. ते बघायला रमाबाईंना एकदा नेलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून ज्यांच्यावर फुली मारली होती, अशा बायकांना तिथे घरात घेतलं जाई, त्यांची शुश्रूषा केली जाई, त्यांना पुन्हा पायांवर उभं केलं जाई. रमाबाई शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या. पुराणं, धर्मशास्त्रं त्यांना मुखोद्गत होती. पण समाजानं टाकलेल्या बाईला धर्माच्या नावानं कुणी जवळ घेतं, हे त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म शिकवणाऱ्या भगिनीला त्यांनी विचारलं, की हे सारं करायला तुम्हा लोकांना कोण भाग पाडतं? त्या भगिनीनं सिद्धान्त सांगितला नाही. तिनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला.

तो अध्याय विहिरीवरचा आहे. भर दुपारी एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. पाच नवरे होऊन गेलेले, आता ज्याच्याकडे राहते तो नवरा नव्हे. तिथे थकून बसलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला ओठ लावत नसे. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, हे ज्या मुलखात पाण्याच्या आधी बघितलं जाई, तिथून आलेल्या रमाबाईंना त्या मागण्याचा अर्थ कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गेल्या काही भागांत आपण विश्वासाकडे बघत आलो. आज त्याचा प्रीतीशी असलेला संबंध बघायचा आहे. सुरुवात फुलमपासून केली, कारण तिथे क्रम उलटा लागला आहे. शब्बाथशाळेत आम्ही विश्वास, आशा, प्रीती ही तीन नावं एका दमात म्हणायचो. मनात चित्र असं होतं, की ही जणू पहिली, दुसरी, तिसरी इयत्ता. विश्वासात पास झालात तरच पुढे प्रीतीच्या वर्गात जायचं. कितीतरी प्रवचनंही याच चालीची असतात. आधी विश्वास धरा, मग त्याचं फळ म्हणून प्रीती येईल. रमाबाईंनी मात्र आधी प्रीती पाहिली आणि तिचा माग काढत त्या विश्वासापाशी आल्या.

इथे दोन शब्दांपाशी जरा थांबायला हवं. मराठी बायबलनं ‘विश्वास’ आणि ‘प्रीती’ हे शब्द घेतले. पैकी ‘प्रीती’ मंडळीबाहेरच्या वाचकाला चटकन भावगीताकडे नेतो. उपासनेत तो शब्द उच्चारला की आम्हाला मात्र आजारी माणसाच्या घरी पोचवलेला डबा आठवतो, कोर्टापर्यंत गेलेलं भांडण मिटवणारे पाळक आठवतात. जी करावी लागते ती प्रीती. ‘विश्वास’ हा शब्द तर मला फार मोलाचा वाटतो. आपण विश्वास ‘ठेवतो’ किंवा ‘टाकतो’, जसं एखादं गाठोडं कुणाच्या हवाली करावं तसं. म्हणजे समोर कुणीतरी लागतं. ‘देव आहे असं मला वाटतं’ हे मत झालं. त्याच्यावर भार टाकला की विश्वास.

हिब्रूमध्ये यासाठी ‘एमुना’ हा शब्द आहे. प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो ‘आमेन’ त्याच धातूचा. मूळ अर्थ घट्ट, स्थिर, न डळमळणारं. निर्गमाच्या पुस्तकात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशे डोंगरमाथ्यावर हात वर करून उभा राहतो. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी, खाली आले की पीछेहाट. हात भरून येतात. मग अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन बाजूंनी एकेक हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. ते हात स्थिर राहिले हे सांगायला मूळ हिब्रूत हाच शब्द येतो, एमुना. विश्वासासाठीचा शब्द इथे अक्षरशः हातांच्या स्नायूंविषयी बोलतो, आणि ते हातही दुसऱ्यांनी धरलेले. मी हा उतारा पहिल्यांदा असा समजून घेतला तेव्हा माझी विश्वासाची सगळी कल्पनाच हलली. तोवर मला वाटे, की विश्वास म्हणजे माणसानं एकट्यानं, दात-ओठ आवळून करायची गोष्ट.

आता नव्या करारातली पत्रं लिहिणारे पौल आणि याकोब. विश्वास मोठा की कृती, यावरून या दोघांत भांडण आहे असं मानणाऱ्यांची परंपरा फार जुनी. पौलानं गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलं तेव्हा वाद पेटला होता तो सुंतेचा. येशूचे अनुयायी होणाऱ्या परजातीयांनी आधी यहुदी विधी पाळायचे की नाही? पौलाचं उत्तर रोखठोक आहे. सुंता झालेली असो वा नसो, देवासमोर त्याला वजन नाही. वजन आहे ते प्रीतीवाटे कामाला लागलेल्या विश्वासाला. इथलं ग्रीक क्रियापद आपल्या ओळखीच्या ‘एनर्जी’ या शब्दाच्या कुळातलं आहे. वीज दिव्यातून जळते तसा विश्वास प्रीतीतून चालतो, असं म्हटलं तर पौलाच्या फार दूर जाणार नाही. याकोबाच्या पत्रात उदाहरण आहे ते उघड्यावाघड्या, उपाशी भावाबहिणीचं. त्यांना कुणी नुसतं म्हणतं, सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. आणि हातावर काहीच ठेवत नाही. असा विश्वास याकोबाच्या लेखी मेलेला.

गंमत अशी, की दोघंही साक्षीला एकाच माणसाला बोलावतात, अब्राहामाला. पण वेगवेगळ्या दिवसाच्या अब्राहामाला! पौल सांगतो तो चांदण्या रात्रीचा. मूल नाही, वय झालेलं, आणि देव आकाशातल्या ताऱ्यांइतकी संतती देईन म्हणतो. अब्राहाम ते मानतो, बस्स. याकोब सांगतो तो फार पुढचा, झालेल्या मुलाला घेऊन वेदीपाशी आलेला. मधल्या वर्षांत त्या विश्वासाला तंबू उचलावे लागले, अनोळखी पाहुण्यांचे पाय धुवायला पाणी आणावं लागलं. दोन पत्रं वाचताना आपण ही मधली वर्षं विसरतो आणि मग भांडण दिसू लागतं.

सोळाव्या शतकात या भांडणानं युरोप दुभंगला. लूथरनं १५२२च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली. पण त्याच लूथरनं दोन वर्षं आधी ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं होतं, की विश्वासानं मोकळा झालेला माणूस प्रीतीपोटी शेजाऱ्याची चाकरी आपणहून पत्करतो. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं १५४७मध्ये आपली बाजू ठामपणे मांडली, की प्रीतीची जोड नसलेला विश्वास माणसाला ख्रिस्ताशी पुरता जोडत नाही. पुढची साडेचारशे वर्षं दोन्हीकडची माणसं एकमेकांची अर्धी वाक्यं उचलून वाद घालत राहिली. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी या प्रश्नावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६मध्ये मेथडिस्टही त्यात आले. तारण कृपेनं, विश्वासानं मिळतं. आणि तो विश्वास चांगल्या कृत्यांत फळतो, इतकं तरी सगळ्यांना एकत्र म्हणता आलं.

रमाबाईंकडे परत येते. बाप्तिस्म्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. त्रैक्य, चमत्कार, चर्चचा अधिकार, प्रत्येक ठिकाणी रमाबाई अडतात आणि आपल्या सदसद्विवेकावर बोट ठेवतात. एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, हा त्यांचा सूर. सिस्टर जेराल्डीनना हा अहंकार वाटला. मला तसं वाटत नाही. फुलममध्ये जे पाहिलं त्याच्याशी जुळेल तेवढंच खरं मानायचं, असा त्या बाईचा प्रामाणिक हिशोब होता. पुढे स्वतः रमाबाईंनीच आपल्या साक्षीच्या पुस्तकात लिहिलं आहे, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो त्यांना भारतात परतल्यावर, १८९१च्या सुमारास भेटला. म्हणजे बालविधवांसाठी ‘शारदा सदन’ मुंबईत ११ मार्च १८८९ला सुरू झालं, तेव्हा प्रीतीचं काम चालू होतं आणि ज्याला त्या पुढे खरा विश्वास म्हणणार होत्या, तो यायचा होता.

सगळ्यांच्या वाट्याला असं उजाडणं येत नाही. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. १९४६ साली दार्जिलिंगच्या गाडीत ज्यांना इतकं स्पष्ट बोलावणं ऐकू आलं, त्यांना काम सुरू झाल्यावर देव जवळ आहे असं जाणवेनासं झालं. अंधार वर्षानुवर्षं, मधला थोडा काळ सोडला तर शेवटपर्यंत राहिला. काहींनी म्हटलं, बघा, विश्वास नव्हताच. पण पहाटेची प्रार्थना चुकली नाही, मरणाऱ्याचं अंग पुसणं थांबलं नाही. आत काही जाणवत नसताना हात वर धरून ठेवायला प्रीती उभी राहिली. याला विश्वास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता एक अवघड गोष्ट. शारदा सदनानं धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं होतं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासानं मुली सोपवल्या त्यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी कुणाला बोलावत नाही, पण माझं दारही लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंना मला दुखावलेली माणसं दिसतात. ख्रिस्ती सेवेवर ‘प्रीती दाखवून धर्म देतात’ हा आरोप आजही होतो, आणि तो हसण्यावारी नेणं आम्हाला शोभणार नाही. अन्न घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक नसेल, तर त्या अन्नात प्रीती किती आणि हिशोब किती, हे देणाऱ्यानं स्वतःला विचारायलाच हवं. विहिरीवर येशूनं त्या बाईला काही देण्याआधी तिच्याकडे मागितलं. तिच्या हाती नकार द्यायची ताकद ठेवली. मिशनच्या इतिहासात हे प्रत्येक वेळी पाळलं गेलं, असं मी म्हणणार नाही.

१८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण वीसेक वर्षांपूर्वी अशाच दुष्काळात, तीर्थाटनाच्या वाटेवर उपासमारीनं गेले होते. त्या वेळी रमाबाई ऐन किशोर वयात होत्या. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्या निघाल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभं राहिलं ते या मुलींसाठी. इथे आता आडपडदा नव्हता. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. पुढे गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. आवारातल्या घरांची नावं बघा. म्हाताऱ्याकोताऱ्या, अपंग बायकांचं घर ‘प्रीती सदन’. आंधळ्या बायकांचं ‘बार्तीमी सदन’, यरीहोच्या रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयावरून; तिथे मनोरमेनं ब्रेल शिकवली. आणि समाजानं टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’. फुलमहून परतल्यावर विचारलेला प्रश्न सोळा-सतरा वर्षांनी केडगावात घर होऊन उभा राहिला होता.

याच आवारात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, अगदी एकटीनं. खिळे जुळवणं, छपाई हे सगळं मुक्तीतल्याच बायका-मुली करायच्या. १९२१मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, संस्थेची उद्याची धुरा. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळपास बहिऱ्या, शरीर थकलेलं. भाषांतराचं शेवटचं काम तेव्हाही हातात होतं. कागद त्यांच्या टेबलावरून छापखान्यात जात होते, आणि दुष्काळातून एके काळी उचलून आणलेल्या हातांनी जुळवलेली पानं तपासायला परत त्यांच्यापुढे येत होती. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं.