स्टॉपरच्या नावापुढे आकडा नसतो

रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर जानेवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला आणि मोहम्मद शमीच्या नावापुढे तीन बळी लागले. क्रिकेटमध्ये रोखणाऱ्याचीही नोंद होते. फुटबॉलमधल्या स्टॉपरचं तसं नाही. त्यानं नव्वद मिनिटं चोख काम केलं, तर फलकावर शून्य दिसतं आणि त्याचं श्रेय बहुधा गोलकीपर घेऊन जातो. भारताचे माजी स्टॉपर महेश गवळी यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर ती या हिशेबानं.

१९८० मध्ये गोव्यात जन्मलेले गवळी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडले. २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब चषक जिंकणाऱ्या ईस्ट बंगालमध्ये ते होते. थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला अंतिम सामन्यात ३-१ असं हरवलं, पण लोकांच्या तोंडी राहिले ते बायचुंग भुतियाचे नऊ गोल. पुढे धेंपो क्लबमध्ये प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली आय-लीगची विजेतेपदं आली, तेव्हाही चर्चा स्ट्रायकर रँटी मार्टिन्सच्या गोलांचीच.

मग स्टॉपर नेमकं करतो काय? मधल्या फळीतून लांब पास सुटायच्या बेतात असतो. फॉरवर्ड खांदा वळवून पळायला निघतो. त्याच क्षणी स्टॉपर हाक देतो आणि अख्खी बचावफळी एक पाऊल पुढे सरकते. फॉरवर्ड ऑफसाइड! प्रेक्षक लाइनमनच्या झेंड्याकडे बघतात. ते एक पाऊल कुणी बघत नाही. घसरून केलेला टॅकल टाळ्या मिळवतो खरा, पण कित्येकदा तो आधी चुकलेल्या जागेची भरपाई असतो. जागा अचूक असेल, तर शॉर्ट्सना माती लागायचं कारण नाही.

म्हणूनच अशा खेळाडूची किंमत गॅलरीआधी ड्रेसिंग रूमला कळते. निवृत्तीनंतर गवळी प्रशिक्षणाकडे वळले आणि राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ च्या दक्षिण आशियाई (सॅफ) स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्यावर दोन सामन्यांची बंदी आली आणि ऐन उपांत्य फेरीत सूत्रं गवळींच्या हाती आली. बेंगळुरूत लेबनॉनशी १२० मिनिटं गोलशून्य बरोबरी, कुवेतशी अंतिम सामन्यात १-१. दोन्ही सामने भारतानं पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकले. २४० मिनिटांच्या खेळात भारतावर गोल झाला तो एकच. दुसऱ्या दिवशी बोलबाला झाला गोलकीपर गुरप्रीतसिंगनं अडवलेल्या शेवटच्या पेनल्टीचा, आणि तो रास्तही होता.

रायपूर ज्या राज्यात आहे, त्या छत्तीसगडमध्ये फुटबॉलही आता रुजतोय. २०२४ मध्ये नारायणपूरला वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा झाली. मैदानावर उतरणाऱ्या बहुतेक पोरांना गोल करणारा सुनील छेत्रीच व्हायचं असतं, आणि त्यात गैर काही नाही. मात्र संघ बांधणाऱ्यांनी शोध घ्यायला हवा तो हाक देणाऱ्या पोराचा. तो गोलांच्या यादीत सापडायचा नाही.